हवा की जमीन, हा प्रश्न तिसरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंड हवामानात घर तापवण्यासाठी हीट पंप घ्यायचे ठरले, की चर्चा लगेच एका फाट्यावर येऊन अडते: हवेतून उष्णता घेणारा घ्यावा की जमिनीतून घेणारा? विकणाऱ्यांना हा प्रश्न सोयीचा असतो, कारण त्याचे उत्तर माहितीपत्रकातून देता येते. आमच्या मते हा प्रश्न तिसरा आहे. ऐन थंडीत घरातून किती उष्णता बाहेर जाते, हा पहिला. ती भरून काढायला रेडिएटरमध्ये (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यात) किती गरम पाणी सोडावे लागते, हा दुसरा. हे दोन आकडे हातात नसताना हवा आणि जमीन यांची तुलना करणे हा नुसता वेळेचा अपव्यय आहे.

असे म्हणण्याचे कारण यंत्राच्या पोटातच आहे. दोन्ही पंपांमध्ये तोच कॉम्प्रेसर, तेच दोन उष्णता-विनिमयक, तोच एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. थंड बाजूची उष्णता उचलून गरम बाजूला नेण्यासाठी वीज लागते, आणि दोन बाजूंच्या तापमानात जितके अंतर जास्त तितकी ती जास्त लागते. हिशेब साधा आहे. गरम बाजूचे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावे आणि त्याला दोन्ही बाजूंमधल्या फरकाने भागावे. सैद्धांतिक कमाल मिळते. प्रत्यक्ष यंत्र तिच्या साधारण ४० ते ५० टक्के गाठते. बाहेर उणे ५ अंश आणि रेडिएटरचे पाणी ३५ अंश असेल तर ३०८ भागिले ४०, म्हणजे ७.७, प्रत्यक्षात एका युनिट विजेत ३.१ ते ३.८ युनिट उष्णता. त्याच हवेत पाणी ५५ अंश लागत असेल तर ३२८ भागिले ६०, म्हणजे ५.५; प्रत्यक्षात २.२ ते २.७. आता जमीन घ्या. जमिनीत गाडलेल्या पाइपांतून फिरून येणारे द्रव शून्य अंशावर आणि पाणी ५५ अंश: प्रत्यक्षात २.४ ते ३. म्हणजे ५५ अंशांचे पाणी मागणारा जमिनीचा पंप हा ३५ अंशांवर भागवणाऱ्या हवेच्या पंपापेक्षा मागे पडतो, तोही हवा उणे ५ असताना. पाण्याचे तापमान एक अंशाने कमी केले की वीज साधारण दोन-अडीच टक्के वाचते, हा ठोकताळा दोन्ही पंपांना लागू आहे. बोअर खणण्याआधी रेडिएटरकडे पाहा, असा आग्रह आम्ही धरतो तो यामुळे.

घराची उष्णता-हानी काढण्याची शिस्तशीर रीत म्हणजे भिंत, काच, छत, फरशी आणि हवेची गळती यांचा खोलीनिहाय हिशेब. तो करून घ्यावाच. पण त्याची पडताळणी घरबसल्या होते, आणि ती फार थोडे लोक करतात. थंडीच्या एखाद्या स्थिर, ढगाळ दिवशी गॅसच्या मीटरचे आकडे बरोबर २४ तासांच्या अंतराने टिपावेत. समजा गॅस १३० युनिट ऊर्जेचा जळला (आंघोळ-स्वयंपाकाचा वजा करून) आणि रेडिएटरचे पाणी तापवणाऱ्या सध्याच्या गॅस बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के आहे. घरात ११७ युनिट उष्णता आली, म्हणजे सरासरी ४.९ किलोवॅट. आत २० अंश आणि बाहेर ३ अंश असतील तर दर अंशामागे २८७ वॅट. तुमच्याकडची कडाक्याची थंडी उणे ७ धरली तर फरक २७ अंशांचा, आणि घराची गरज ७.७ किलोवॅट. भिंतीवरचा जुना बॉयलर २४ किलोवॅटचा असतो म्हणून तेवढाच पंप सुचवणारे लोक आहेत. त्यांच्याकडून पुढचे काही ऐकण्याची गरज नाही. बॉयलरची ती ताकद नळाला तत्काळ गरम पाणी देण्यासाठी असते, घर तापवण्यासाठी नव्हे.

रेडिएटरचा आकडा याहून बोलका आहे. त्याची छापील ताकद पाणी आत जाताना ७५, बाहेर येताना ६५ आणि खोली २० अंश धरून दिलेली असते. म्हणजे पाणी आणि खोली यांच्यात सरासरी ५० अंशांचा फरक. हा फरक घटला की ताकद त्याहून वेगाने घटते, १.३ या घातांकाने. पाणी ५५ आत, ४५ बाहेर असेल तर छापील ताकदीच्या ५१ टक्के उरते. ४५ आत, ४० बाहेर असेल तर ३५ टक्के. म्हणजे १००० वॅटची खोली ४५ अंशांच्या पाण्यावर उबदार ठेवायची तर भिंतीवर छापील २८५० वॅटचा रेडिएटर हवा. बऱ्याच घरांत रेडिएटर मुळातच गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, त्यामुळे सगळे बदलावे लागत नाहीत. बहुधा दोन-तीन खोल्या अडून बसतात आणि त्यांच्यासाठी पूर्ण घराचे पाणी दहा अंश जास्त तापवले जाते. तेवढेच बदला. एका पत्र्याच्या जागी दोन-तीन पत्र्यांचा रेडिएटर त्याच लांबीत बसतो, फक्त भिंतीतून थोडा पुढे येतो.

पाइपही मोजावेत. हीट पंप पाणी पाच अंशांनी गार होईल इतक्या वेगाने फिरवतो, बॉयलर वीस अंशांनी. ८ किलोवॅटला पाच अंशांच्या फरकाने मिनिटाला २३ लिटर पाणी लागते. बॉयलरला सहा लिटरही लागत नव्हते. पंपापासून निघणारी मुख्य लाइन २८ मिलिमीटरची हवी. ८-१० मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांवर चाललेले घर असेल तर प्रवाह कमी पडतो, आणि मग बसवणारा इसम तक्रार मिटवायला पाण्याचे तापमान वाढवून निघून जातो.

हे झाल्यावर हवा की जमीन.

हवेच्या पंपाबाबत पहिली फसगत नावातच असते. ‘८ किलोवॅट’ हा आकडा अनेकदा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा असतो. बाहेर उणे ७ आणि पाणी ५५ असताना तेच यंत्र किती देते, हे तांत्रिक तक्त्यात वेगळे दिलेले असते आणि ते चांगलेच कमी असू शकते. विकत घेताना तोच रकाना पाहावा. उलट, भीतीपोटी दुप्पट मोठे यंत्र घेणेही वाईट. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणारा) कॉम्प्रेसर साधारण कमाल ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच खाली येतो. १६ किलोवॅटचे यंत्र ४-५ किलोवॅटखाली मंदावत नाही. घराला २ किलोवॅट हवे असतील तेव्हा, म्हणजे हिवाळ्याच्या आगेमागे कितीतरी दिवस, ते सारखे चालू-बंद होत राहते. कॉम्प्रेसरचे आयुष्य त्यातच जाते.

बर्फ हा हवेच्या पंपाचा खरा त्रास, आणि तो लोकांना वाटतो त्या थंडीत होत नाही. उणे १५ ची कोरडी हवा परवडली. अधिक ३ ते उणे ५ या पट्ट्यातली दमट, धुकट हवा वाईट. पंख्यासमोरच्या पातळ पत्र्यांवर हिमकण साचतात, हवा अडते, आणि यंत्र चक्र उलटे फिरवून घरातल्याच पाण्याची उष्णता बाहेर पाठवून बर्फ वितळवते. यासाठी फिरत्या पाण्याचा ठरावीक किमान साठा लागतो. तो किती हे उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. सगळ्या खोल्यांना थर्मोस्टॅट लावले आणि ते एकाच वेळी बंद झाले, तर पंपाला बर्फ वितळवायला पाणीच मिळत नाही, आणि यंत्र त्रुटीचा क्रमांक दाखवून थांबते. उपाय दोन: काही खोल्यांचे व्हॉल्व्ह कायम उघडे ठेवणे, किंवा परतीच्या लाइनवर एक छोटी टाकी मालिकेत जोडणे. पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसणारी चार तोंडांची मोठी बफर टाकी मात्र गरज नसताना लावू नये. तिच्यात येणारे आणि परतीचे पाणी मिसळते, आणि रेडिएटरला ४० अंश पोचवण्यासाठी पंपाला ४४ अंश तयार करावे लागतात.

वितळलेले पाणी कुठे जाते, याचा विचार कागदावर कुणी करत नाही. एका वेळी काही लिटर पाणी खाली पडते. ते पायवाटेवर गेले की रात्री तिथे काच तयार. यंत्राखाली खडीचा शोषखड्डा हवा, तो जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली उतरलेला हवा, आणि निचऱ्याची नळी लांब असेल तर तिला गरम करणारी वायर हवी. यंत्र जमिनीपासून इतके उंच बसवावे की साचलेला बर्फ पंख्याला टेकणार नाही. मागे भिंतीपासून साधारण ३० सेंटिमीटर आणि पुढे एक मीटरहून जास्त मोकळी जागा ठेवावी. कोनाड्यात किंवा शोभेच्या जाळीत कोंडले तर यंत्र स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढते आणि बाहेरच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश थंड हवेत काम करत बसते. कुंपण आणि झुडपे लावून यंत्र ‘दिसेनासे’ करण्याचा सोस इथे महाग पडतो.

आवाजाचा हिशेब आधीच करता येतो. माहितीपत्रकात ध्वनिशक्ती (यंत्रातून निघणारा एकूण आवाज) दिली आहे की ठरावीक अंतरावरचा ध्वनिदाब, हे आधी पाहावे. दुसरा आकडा नेहमीच लहान आणि गोड दिसतो. ६० डेसिबल ध्वनिशक्तीचे यंत्र मोकळ्या जमिनीवर ठेवले तर एक मीटरवर ५२, दोन मीटरवर ४६, चार मीटरवर ४० डेसिबल ऐकू येते. अंतर दुप्पट झाले की सहा कमी. मागे भिंत असेल तर तीन वाढतात, कोपऱ्यात ठेवले तर सहा. शेजाऱ्याची झोपण्याची खिडकी चार मीटरवर असेल तर कोपऱ्यातले हे यंत्र तिथे ४६ डेसिबल देईल. मग भांडण ठरलेले.

यंत्राच्या आत उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून प्रोपेन (आर२९०) वापरणाऱ्या यंत्रांबद्दल एकच सांगायचे. वायू गळल्यास होणाऱ्या तापमानवाढीच्या मापाने (कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरून) आजवर वापरल्या जाणाऱ्या आर४१०ए या वायूचा आकडा २०८८, आर३२ चा ६७५ आणि प्रोपेनचा ३ च्या आसपास. शिवाय जुन्या रेडिएटरसाठी जास्त गरम पाणीही हे यंत्र देऊ शकते. पण प्रोपेन हवेपेक्षा जड आणि ज्वलनशील. यंत्राभोवती उत्पादकाने आखून दिलेल्या पट्ट्यात गटाराचे तोंड, तळघराची खिडकी किंवा दार असता कामा नये. हा पट्टा आखायला जागा नसेल तर दुसरे यंत्र निवडावे. ‘चालून जाते’ हे उत्तर स्वीकारू नये.

आता जमीन. दहा-पंधरा मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते, त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके. त्याखाली दर १०० मीटरला साधारण तीन अंशांनी वाढते. ही स्थिर उष्णता वापरण्याची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिश झोली यांनी १९१२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. कल्पनेत काहीच खोट नाही. खोट असते ती मापात.

८ किलोवॅटचा पंप एकास चार या प्रमाणात, म्हणजे एका युनिट विजेत चार युनिट उष्णता देत, चालत असेल तर २ किलोवॅट विजेतून आणि ६ किलोवॅट जमिनीतून येतात. उभ्या बोअरमधून चांगल्या ओल्या खडकात मीटरमागे ५० वॅट मिळाले तर १२० मीटर खोली पुरते. कोरड्या वाळू-गाळात २५ वॅटच मिळाले तर २४० मीटर लागते. आडव्या पाइपांसाठी, सव्वा-दीड मीटर खोलीवर, ओलसर चिकणमातीत चौरस मीटरमागे २५ वॅट धरले तर २४० चौरस मीटर मोकळी जमीन. कोरड्या वाळूत १० वॅट धरले तर ६००. हे आकडे वर्षाला सुमारे १८०० तास पंप चालेल असे धरून आहेत. लांब हिवाळ्यात किंवा आंघोळीचे पाणीही त्याच पंपावर असेल तर वॅट आणखी कमी धरावे लागतात. माती न तपासता ‘५० वॅट धरू’ म्हणणारा कंत्राटदार तुमची जमीन बघतच नाही, तो आपला ड्रिलिंगचा दर बघतो.

कमी मापाचा बोअर लगेच बोंब मारत नाही. पहिला हिवाळा ठीक जातो. मग जमीन दर वर्षी थोडी जास्त गार होत जाते, येणाऱ्या द्रवाचे तापमान उणे चार-पाचवर उतरते, आणि पंप आतला विजेचा हीटर लावून वेळ मारून नेतो. घर गरम राहते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, बिलात येते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हवेचे यंत्र लहान पडले तर बदलता येते. गाडलेला पाइप कमी पडला तर पुन्हा खोदकाम. त्यामुळे जमिनीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, आणि घ्यायचाच असेल तर जमिनीच्या वाटेलाच जाऊ नये.

एक बारकावा जाणकारांकडूनही सुटतो. जुना, एकास तीन देणारा पंप काढून त्याच बोअरवर एकास साडेचार देणारा नवा बसवला, तर वीज कमी लागते हे खरे. पण तेवढ्याच ८ किलोवॅटसाठी जमिनीतून ५.३ ऐवजी ६.२ किलोवॅट ओढले जातात. बोअर तोच, भार १७ टक्के जास्त. पंप बदलताना बोअरची लांबी पुन्हा तपासायलाच हवी.

बोअर खणताना पाइप आणि माती यांच्यातली पोकळी कशाने भरतात, तेही पाहावे. साधे बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) उष्णता नीट पोचवत नाही. ग्रॅफाइट किंवा सिलिका मिसळलेले भरण दुप्पट-तिप्पट बरे. ते वरून ओतायचे नसते, तळापर्यंत सोडलेल्या नळीतून खालून वर दाबत आणायचे असते, नाहीतर मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि वरचे घाण पाणी खालच्या झऱ्यात उतरायला वाट होते. दोन बोअरमध्ये किमान पाच-सहा मीटर अंतर ठेवावे. पाइपातले पाणी गोठू नये म्हणून त्यात २५ ते ३० टक्के ग्लायकॉल पुरते. ‘सुरक्षित’ म्हणून ४० टक्के घातले तर द्रव घट्ट होते, पाइपात संथ थरांनी वाहते, उष्णता कमी उचलते आणि फिरवणारा पंप जास्त वीज खातो. आडव्या पाइपांवर फरसबंदी, गाड्यांचा तळ किंवा खोल मुळांची झाडे नकोत. तिथली उष्णता ऊन आणि पाऊसच भरून काढतात.

परवानगी हा नुसता कागदी सोपस्कार नव्हे. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीसाठी १४० मीटरचे सात बोअर घेतले गेले. खालच्या ॲनहायड्राइटच्या थरात भूजल शिरले, त्याचे जिप्सम होऊन ते फुगले, आणि गावाचा मध्यभाग वर उचलला जाऊन शेकडो घरांना तडे गेले. असे क्वचित घडते, पण खाली कोणता थर आहे हे भूगर्भ नकाशात पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नये.

मग जमिनीचा फायदा किती? फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने जर्मनीतल्या जुन्या, राहत्या घरांत बसवलेले पंप मोजले तेव्हा एका युनिट विजेमागे मिळालेल्या उष्णतेची वर्षभराची सरासरी हवेच्या पंपांसाठी ३.१ आणि जमिनीच्या पंपांसाठी ४.१ आली होती. १५,००० युनिट उष्णता लागणाऱ्या घरात हवेच्या पंपाला ४८४० आणि जमिनीच्या पंपाला ३६६० युनिट वीज. फरक वर्षाला ११८० युनिट. चांगले इन्सुलेशन असलेल्या, ६००० युनिट लागणाऱ्या घरात हाच फरक ४७० वर येतो. त्याला आपल्या विजेच्या दराने गुणावे आणि खोदकामाच्या जादा खर्चाशी ताडून पाहावे. निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होईल. शिवाय हवा १० अंशांच्या वर असते तेव्हा जमिनीची आघाडी संपते, आणि उन्हाळ्यात आंघोळीचे पाणी तापवताना २५ अंशांची हवा १२ अंशांच्या जमिनीपेक्षा सरस ठरते. ज्या प्रदेशात हिवाळा सौम्य आहे तिथे बोअरचा आग्रह आम्हाला अनाठायी वाटतो.

जमीन घ्यावी ती अशा ठिकाणी: आठवडेच्या आठवडे हवा उणे दहाखाली असते, घर मोठे आहे आणि त्याचे इन्सुलेशन आणखी सुधारता येत नाही, शेजार इतका जवळ आहे की बाहेर पंखा लावणे अशक्य, किंवा उन्हाळ्यातही गारवा हवा आहे. शेवटचे कारण सहसा विसरले जाते. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसते बोअरचे द्रव फिरवले तरी घराच्या फरशीखालच्या पाइपांतून घर काही अंशांनी गार होते, खर्च फक्त छोट्या पंपाचा, आणि घरातली उष्णता बोअरमध्ये जाऊन पुढच्या हिवाळ्याची सोय होते. फरशीवर दव धरू नये म्हणून पाण्याचे तापमान दवबिंदूच्या वर राखणारा सेन्सर मात्र हवाच. आयुष्याच्या बाबतीतही जमीन पुढे आहे: गाडलेला पॉलिथिलीन पाइप ५० वर्षे सहज टिकतो, आणि घरात बसवलेले यंत्र उन्हापावसात उभ्या असलेल्या यंत्रापेक्षा जास्त चालते.

दोन्हींसाठी निविदेत लिहून घ्यावे असे काही: खोलीनिहाय उष्णता-हानी, सर्वांत थंड दिवशी पाण्याचे तापमान, त्याच तापमानाला पंपाची ताकद, आणि विजेचा हीटर कोणत्या तापमानाखाली चालू होईल. जमिनीसाठी बोअरची लांबी कोणत्या मातीच्या आधारावर ठरवली तेही. काम झाल्यावर बाहेरच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणारी रेषा, म्हणजे हीटिंग कर्व्ह, कारखान्यातून आली तशीच सोडू नये. ती बहुतेकदा उंच असते. खोल्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून रेषा दर दोन-तीन दिवसांनी थोडी खाली आणावी, आणि सर्वांत गार खोली तक्रार करू लागली की एक पायरी वर घेऊन थांबावे. गाळणी पहिल्या महिन्यातच उघडून साफ करावी. जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ तिथे येऊन बसतो आणि प्रवाह कमी असल्याचा इशारा येऊ लागतो. विजेचा आणि उष्णतेचा, असे दोन वेगळे मीटर पहिल्या दिवसापासून लावून घ्यावेत आणि हीटरचे तास वेगळे दिसतील अशी व्यवस्था मागावी. जमिनीचा पंप असेल तर हिवाळ्याच्या शेवटी बोअरमधून येणाऱ्या द्रवाचे तापमान दर वर्षी त्याच आठवड्यात टिपावे. ते सलग तीन वर्षे घसरत असेल तर बसवणाऱ्याला हमीच्या मुदतीतच बोलवावे.

आपले,
हीटिंग आणि रेफ्रिजरेशन क्षेत्रातील काही तंत्रज्ञ वाचक